ॲनिमेशन मालिकेचा लेखक निर्माता कसा होतो?

विचारलेला प्रश्न असा: ‘मी लिहिते, पण मला चित्रं काढता येत नाहीत. ॲनिमेशन मालिकांसाठी पटकथालेखक म्हणून काम मिळतं का? आणि अमेरिकन कार्टूनच्या श्रेयनामावलीत सुरुवातीला लेखक म्हणून दिसणारं नाव काही वर्षांनी निर्माता म्हणून येतं, ते कसं? तो पैसे घालतो का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही, पैसे त्याचे नसतात. ते स्टुडिओ आणि चॅनल घालतात. अमेरिकन टीव्हीत लेखकाला निर्माता म्हणतात, कारण कागदावरची गोष्ट पडद्यावर पोचेपर्यंत तिचं जे काही होईल त्याचा जाब त्याला विचारला जातो. चित्रकला येत नसली तरी इथे काम मिळतं. मात्र आपण लिहिलेली प्रत्येक ओळ कुणीतरी हाताने घडवणार आहे, हे लिहितानाच दिसायला लागतं. ज्याला ते दिसायला लागतं तोच पुढे निर्माता होतो, असं माझं इतक्या वर्षांच्या कामानंतरचं ठाम मत आहे.

मी मुंबईत मुलांच्या चॅनलांसाठी लिहिते आणि गेली बरीच वर्षं इतरांच्या पटकथा संपादित करते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी एका माणसाची कारकीर्द नीट बघायला सांगते: कॉमिक्स आणि ॲनिमेशनचे अमेरिकन लेखक ड्वेन मॅकडफी. त्यांच्याहून जास्त गाजलेली नावं आहेत. पण लेखक, मग कथा-संपादक, मग निर्माता या पायऱ्या त्यांच्या कामात जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या क्वचितच दिसतात.

मॅकडफी १९६२मध्ये डेट्रॉइटला जन्मले. मिशिगन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले, नंतर न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण घेतलं. सुरुवातीला एका आर्थिक नियतकालिकात मजकूर तपासायचं काम केलं, मग मार्व्हल कॉमिक्समध्ये सहायक संपादक म्हणून रुजू झाले. हा संपादकीचा काळ लोक उडी मारून पुढे जातात, आणि मला नेमका तोच महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याची गोष्ट दुरुस्त करायची, तीही त्याचा सूर न बिघडवता आणि छापखान्याची तारीख न चुकवता. टीव्हीत त्यांनी पुढे हेच केलं.

१९९३मध्ये त्यांनी डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल यांच्यासोबत माइलस्टोन मीडिया ही कॉमिक्सची कंपनी काढली. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या नायकांना मध्यभागी ठेवणारी ही कंपनी होती. छपाई आणि वितरण डीसी कॉमिक्सकडे, पात्रांचे हक्क मात्र माइलस्टोनकडे. हा करार लक्षात ठेवा, हक्कांच्या विषयाकडे मी पुन्हा येणार आहे. स्टॅटिक हा विजेवर हुकमत असलेला शाळकरी मुलगा याच कंपनीचा. त्याच्यावरची ‘स्टॅटिक शॉक’ ही मालिका सप्टेंबर २०००मध्ये सुरू झाली आणि २००४पर्यंत चालली. एकूण ५२ भाग झाले.

आता गंमत बघा. पात्राच्या निर्मात्यांपैकी एक असूनही मॅकडफी या मालिकेचे सर्वेसर्वा नव्हते. त्यांना लेखक आणि कथा-संपादक म्हणून घेतलं होतं. टीव्हीसाठी केलेले बदल मोठे होते. कॉमिकमध्ये नायकाची आई हयात आहे. मालिकेत ती शहरातल्या दंगलीत गेलेली आहे. आपलंच पात्र दुसऱ्या रूपात समोर ठेवलेलं असताना त्याच्याशी प्रामाणिक राहून लिहिणं सोपं नाही. त्यांनी ते केलं. शाळेत छळ सोसणारा मुलगा बंदूक घेऊन येतो, त्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘जिमी’ या भागासाठी त्यांना ॲलन बर्नेट यांच्यासोबत २००३चं ह्युमॅनिटास पारितोषिक, म्हणजे माणुसकीची मूल्यं मांडणाऱ्या पटकथांना दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं. शनिवारी सकाळी मुलं बघतात त्या कार्टूनमध्ये हा विषय आला, आणि मुलांना घाबरवून न सोडता आला. चॅनलची परवानगी मिळवण्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत अशा भागात किती जणांचा हात फिरतो, हे आतल्या माणसाला कळतं. म्हणूनच त्या पारितोषिकाचं मोल मला फार वाटतं.

पुढे ‘जस्टिस लीग’ या सुपरहिरोंच्या मालिकेत ते लेखक म्हणून आले आणि मालिका ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ होईपर्यंत कथा-संपादक आणि निर्माता झाले. दोन्ही मिळून ९१ भाग आहेत. त्यांतल्या ६९ भागांवर लेखक, कथा-संपादक किंवा निर्माता म्हणून त्यांचं काम आहे. त्यानंतर ‘बेन टेन: एलियन फोर्स’. हे पात्र दुसऱ्यांनी घडवलेलं. नव्या मालिकेत ते वयाने मोठं करून नव्याने उभं करायचं होतं. त्या मालिकेच्या सगळ्या ४६ भागांचं कथा-संपादन त्यांनी केलं.

कथा-संपादक नेमकं काय करतो, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मालिकेला एकाच वेळी बरेच लेखक लिहीत असतात. प्रत्येक भाग आधी प्रिमाइस म्हणून येतो, म्हणजे एका परिच्छेदात गोष्ट. ती मंजूर झाली की आउटलाइन, त्यात प्रसंगांची ओळ. मग पहिला ड्राफ्ट, दुसरा ड्राफ्ट, शेवटचा हात. प्रत्येक टप्प्यावर चॅनलच्या नोट्स येतात, मुलांच्या दृष्टीने काय दाखवायचं आणि काय नाही हे बघणाऱ्या विभागाच्या वेगळ्या येतात, दिग्दर्शकाच्या आणखी वेगळ्या. त्यांतल्या काही एकमेकींच्या विरुद्ध असतात. कथा-संपादक त्या सगळ्या वाचतो, त्यांतून लेखकाला उपयोगी पडेल असं एक पत्र तयार करतो आणि बाकीचं भांडण स्वतःच्या अंगावर घेतो. ‘हा प्रसंग आणखी मजेदार करा’ अशी नोट आली की मी त्या प्रसंगाच्या आधीची दोन पानं वाचते. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच ढिली पडलेली असते. शेवटी संवाद त्याच्या हातून असे बाहेर पडले पाहिजेत की सगळे भाग एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटावेत.

आता एक उदाहरण बारकाईने बघू. समजा तुमच्या पटकथेत असं आहे: ‘जत्रा भरली आहे. वळीव कोसळतो. म्हैस उधळते, लोक सैरावैरा पळतात. आकाशपाळण्यात अडकलेल्या बहिणीकडे भाऊ धावतो.’

वाचायला चार ओळी. थ्रीडीत काम करणाऱ्या स्टुडिओत त्या पोचल्या की काय होतं? म्हशीचं नवं मॉडेल, तिचा सांगाडा म्हणजे रिग, तिच्या धावण्याची चाचणी. गर्दीसाठी वेगवेगळी दिसणारी माणसं, शिवाय ती पळणारी. पाऊस, ओले कपडे, चिखल. आकाशपाळणा. जत्रेचा अख्खा सेट, जो पुढच्या भागात बहुधा लागणारही नाही. एका भागाचं मॉडेलिंगचं जेवढं बजेट असतं ते या चार ओळींत संपून वर उधारी होईल. मग प्रॉडक्शनमधलं कुणीतरी म्हशीऐवजी आधीच्या भागातलं कुत्रं घालतं, पाऊस काढतं, गर्दीत चार माणसं ठेवतं. भाग प्रसारित होतो आणि लेखक म्हणतो, माझ्या गोष्टीची वाट लावली.

हाच प्रसंग असा लिहून बघा. भाऊ खेळण्यांच्या दुकानात, कापडी पालाखाली उभा आहे. पालावर थेंबांचा आवाज. बाहेरच्या माणसांच्या सावल्या पालावर डावीकडून उजवीकडे पळू लागतात. सुरुवातीला एकदोन, मग सगळ्या. दोरीला टांगलेल्या पिपाण्या हलायला लागतात. गळ्यातल्या घंटेचा आवाज जवळ येतो. पालात दोन शिंगं घुसतात आणि कापड टराटरा फाटतं. फाटलेल्या भोकातून त्याला वर थांबलेला पाळण्याचा एक डबा दिसतो आणि बहिणीची हाक ऐकू येते.

इथे घडवायचंय काय? एक दुकान, सपाट सावल्या, दोन शिंगं, एक डबा. बाकीचं काम ध्वनीचं. आणि मला विचाराल तर दुसरा प्रसंग जास्त भीतिदायक आहे, कारण मूल ज्या उंचीवरून जत्रा बघतं तिथूनच तो दिसतो. अशी काटकसर लेखकाने स्वतः केली तर गोष्ट सुधारते. ती दुसऱ्याने, घाईत, डेडलाइनच्या आदल्या आठवड्यात केली तर गोष्ट मरते.

स्क्रिप्ट मंजूर झाल्यावरही बरंच काही घडतं, आणि निर्माता व्हायचं असेल तर तिथे उपस्थित राहायला लागतं. संवादांचं ध्वनिमुद्रण सहसा आधी होतं, चित्रं त्यावर हलवली जातात. स्टोरीबोर्ड कलाकार प्रसंग चौकटींत काढतो. त्या चौकटी आवाजावर बसवल्या की ॲनिमॅटिक तयार होतं, म्हणजे भागाचा कच्चा, पण पूर्ण लांबीचा आराखडा. मोठे बदल करायची ही शेवटची स्वस्त जागा. यानंतर ॲनिमेशन सुरू होतं. अमेरिकन मालिकांचं ते काम वर्षानुवर्षं दक्षिण कोरियासारख्या ठिकाणच्या स्टुडिओंत होत आलं आहे. तयार दृश्यं परत आली की चुका शोधून रिटेक मागवायचे असतात. रिटेकला मर्यादा असते, त्यामुळे कुठली चूक दुरुस्त करायची आणि कुठली सोडायची हे ठरवावं लागतं. पात्राच्या शर्टाचा रंग एका शॉटमध्ये बदलला तर तो मी सोडून देईन. पण मुलगी खोटं बोलते त्या क्षणी तिने नजर खाली न घालता समोर बघितलं, तर पुढची सगळी गोष्ट अडते, म्हणून रिटेक तिथे वापरेन. हा निवाडा गोष्ट मुळापासून माहीत असलेल्या माणसालाच करता येतो. म्हणून लेखक-निर्माता त्या खोलीत लागतो.

मॅकडफींच्या कामात हे दिसतं. ‘जस्टिस लीग’च्या बहुतेक कथा दोन भागांच्या होत्या. ‘अनलिमिटेड’मध्ये बहुतेक गोष्टी एका भागात, म्हणजे जेमतेम २२ मिनिटांत बसवायच्या होत्या, आणि पात्रं मात्र कितीतरी वाढलेली. अशा वेळी प्रत्येक भागात दोनतीन पात्रांवरच लक्ष ठेवायचं आणि मोठं कथासूत्र मागून हळूहळू सरकवायचं, ही रचना पटकथेइतकीच निर्मितीची आहे. त्यांच्या लेखणीतून उतरलेला २००५मधला ‘एपिलॉग’ हा भाग जरूर बघा. सुपरहिरोंच्या मालिकेतला महत्त्वाचा भाग, आणि त्याचा कणा म्हणजे एक वृद्ध बाई आणि एक तरुण यांचं घरात बसून चाललेलं बोलणं. हाणामारीच्या मालिकेत असं करायला चॅनलचा आणि सहकाऱ्यांचा विश्वास मिळवलेला असावा लागतो, आणि तो विश्वास आधीचे कितीतरी भाग वेळेवर, नीट देऊन मिळतो.

फेब्रुवारी २०११मध्ये, एकोणपन्नासावा वाढदिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने ते गेले. त्यांनी लिहिलेला एक ॲनिमेटेड चित्रपट त्यानंतरच्या दिवशी प्रकाशित झाला. या माणसाला अजून वीस वर्षं काम करायला मिळायला हवं होतं.

अमेरिकेत दुसराही एक रस्ता आहे, विनोदी मालिकांचा. ‘द सिम्पसन्स’सारख्या मालिकेत लेखकांची खोली असते. तिथे सगळे मिळून प्रत्येक वाक्य पुन्हापुन्हा घासतात. अल जीन हार्वर्डला गणित शिकून या खोलीत आले. १९८९ला सुरू झालेल्या या मालिकेच्या तिसऱ्या आणि चौथ्या हंगामाचे ते माइक रीस यांच्यासोबत शोरनर, म्हणजे मालिकेची सगळी सूत्रं हाती असलेले प्रमुख, होते, नंतर बाहेर पडून वेगळं काम केलं आणि २००१पासून पुन्हा मालिकेची सूत्रं घेतली. या पद्धतीत पायऱ्या श्रेयनामावलीतच वाचता येतात: स्टाफ रायटर, स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर, प्रोड्यूसर, वर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. वरच्या पदांवरही ही माणसं मूळची लेखकच.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण या विषयावर नवख्यांना कुणी नीट बोलत नाही. अमेरिकेतही ॲनिमेशनचे सगळे लेखक एका मापाने मोजले जात नाहीत. फॉक्सवरच्या रात्रीच्या कार्टून मालिकांच्या लेखकांनी १९९८मध्ये रायटर्स गिल्ड या पटकथालेखकांच्या संघटनेचं संरक्षण मिळवलं, त्यामुळे पुनःप्रसारणाचे पैसे त्यांना मिळतात. मुलांच्या मालिकांचे बरेचसे लेखक ॲनिमेशन गिल्ड या वेगळ्या संघटनेत येतात. तिथे पुनःप्रसारणाची रक्कम लेखकाच्या हातात न येता संघटनेच्या आरोग्य आणि निवृत्ती योजनांत जाते. एकच कौशल्य, एकच शहर, आणि फरक एवढा. नोकरीत लिहिलेल्या पात्रांचे हक्कही लेखकाकडे राहत नाहीत. म्हणून माइलस्टोनचा करार लक्षात ठेवा म्हटलं: मॅकडफींनी दुसऱ्यांच्या पात्रांवर आयुष्यभर मन लावून काम केलं, पण त्याआधी स्वतःची पात्रं स्वतःच्या कंपनीत ठेवून घेतली होती.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. बराच काळ भारतीय स्टुडिओ परदेशी मालिकांचं ॲनिमेशन करून देत होते. पटकथा तिकडून तयार यायची, त्यामुळे लेखकाची गरजच नव्हती. ‘छोटा भीम’ २००८मध्ये पोगोवर आला, ‘मोटू पतलू’ २०१२मध्ये निकलोडियनवर, आणि इथे लिहिलेल्या गोष्टींची मागणी एकदम वाढली. आता भारतीय मालिकेतली गोष्ट साधारण ११ मिनिटांची असते आणि भागांची संख्या प्रचंड. लेखक दमून जातात, तेच तेच कथानक फिरून येतं. मालिकेचं कर्तेपण बहुतेकदा स्टुडिओच्या मालकाकडे असतं. ‘छोटा भीम’चे राजीव चिलका हेच हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचे संस्थापक आहेत. लेखकातून वर चढलेल्या माणसाला इथे ‘हेड रायटर’ किंवा ‘क्रिएटिव्ह प्रोड्यूसर’ म्हणतात. पद आहे, पण ॲनिमॅटिकच्या बैठकीला लेखकाला बोलवायची सवय अजून सगळीकडे नाही. तुम्ही स्वतःहून मागा. ‘मला ॲनिमॅटिक बघायचंय, वेगळे पैसे नकोत’ असं सांगितलं तर सहसा कुणी अडवत नाही. एकदा बसलात आणि दोन उपयोगी गोष्टी सुचवल्यात की पुढच्या वेळी ते स्वतः बोलावतात.

मराठी माणसासाठी आणखी एक दार आहे, डबिंगच्या संवादलेखनाचं. मुंबईत मूळ पटकथा बहुधा हिंदीत लिहिली जाते आणि नंतर इतर भाषांत आवाज चढतो. हे काम कमी दर्जाचं समजू नका. तोंड उघडझाप होते तेवढ्याच वेळात वाक्य बसवायचं, जिथे ओठ मिटलेले दिसतात तिथे प, ब, म यांपैकी काहीतरी आणायचं, आणि तरी कोल्हापूरच्या आणि अकोल्याच्या मुलाला ते घरातलं बोलणं वाटायला हवं. संवाद किती छोटा असू शकतो हे मला या कामाने शिकवलं. आजही माझ्याकडे येणाऱ्या नव्या लेखकांच्या पटकथांत पहिला दोष लांब संवादांचाच असतो.

हक्कांचं इथे काय? मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. तिचं सदस्यत्व घ्या आणि कल्पना कुणाला पाठवण्याआधी तिथे नोंदवा. कॉपीराइट कायद्यात २०१२ला झालेल्या दुरुस्तीने लेखकाच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिलं, तरी एकरकमी पैसे देऊन सगळं लिहून घेणारे करार सर्रास पुढे येतात. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा: श्रेयनामावलीत नाव येणार का, किती ड्राफ्टचे पैसे आहेत, आणि काम मधेच थांबलं तर तोवरचे पैसे मिळणार का. दुसऱ्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त फसगत होते. ‘छोटे बदल’ म्हणत पाचवा ड्राफ्ट मागितला जातो.

तयारी म्हणाल, तर दोन पटकथा लिहून ठेवा. एक सध्या चालू असलेल्या मालिकेची, ११ मिनिटांची, त्या पात्रांच्या बोलीत. ती वाचून तुम्हाला दुसऱ्याच्या घरात नीट वागता येतं हे कळतं. दुसरी पूर्णपणे तुमची, हवी तशी. सोबत प्रत्येकीची एका परिच्छेदाची प्रिमाइस जोडा, कारण कामाच्या गडबडीत आधी तीच वाचली जाते, आणि ती जमली असेल तरच पुढचं पान उलटलं जातं. पटकथेत कॅमेऱ्याच्या सूचना भरू नका, तो स्टोरीबोर्ड कलाकाराचा प्रांत. पण कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे, आवाज कुठून येतो हे सोडू नका. दोन्ही लिहून झाल्या की आवडत्या मालिकेच्या शेवटची नावं थांबवून वाचा, पटकथा विभागाचं प्रमुख कोण आहे ते शोधा, आणि पाठवताना स्टुडिओच्या सर्वसाधारण पत्त्याऐवजी त्या व्यक्तीच्या नावाने पाठवा.